नाग, कन्हान, वैनगंगा: नदीच्या पाण्याविषयी नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की नागपुरात बोट नाग नदीकडे जाते आणि बहुधा पारडीच्या पुलापाशी थांबते. पाणी मात्र तिथे थांबत नाही. खालील उत्तरे लिहिताना त्या पाण्याचा माग शहराच्या हद्दीपलीकडे, वैनगंगेपर्यंत, घेतला आहे.

नाग नदीचा आता नालाच झाला आहे. तिच्यासाठी वैनगंगेचे नाव कशाला घ्यायचे?

नाग नदी शहराच्या पश्चिमेला, वाडीजवळच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे निघते आणि सीताबर्डी, मोक्षधाम, नंदनवन असा सुमारे १७ किलोमीटरचा प्रवास करून पारडीच्या बाजूने शहराबाहेर पडते. गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी तिला पूर्वेकडे मिळते आणि पुढे हे सगळे पाणी कन्हानमध्ये जाते. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, त्याच्या खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. धरणाखालची वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धा नदीशी एकरूप होऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे धंतोलीतल्या किंवा गणेशपेठेतल्या एखाद्या मोरीचे पाणी कागदोपत्री का होईना, गोदावरीच्या खोऱ्याचे पाणी आहे.

या प्रवासातील सर्वांत नाजूक जागा गोसीखुर्दचा जलाशय आहे. वाहत्या नदीत घाण पुढे सरकते आणि हवेतला प्राणवायू मिसळत राहिल्यामुळे थोडीफार निवळते. धरणाच्या फुगवट्यात मात्र ती साचते. हा फुगवटा भंडारा शहराच्या काठापर्यंत पोहोचतो आणि भंडाऱ्याचे लोक वैनगंगेचेच पाणी पितात. मारबतीच्या दिवशी आपण ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडून नको ते सगळे गावाबाहेर धाडतो. नाग नदीकडून आपण वर्षाचे बाराही महिने तेच काम करून घेत आलो आहोत. फरक इतकाच, की मारबत शेवटी जाळली जाते आणि नदीत सोडलेले खालच्या गावाच्या घाटाला जाऊन लागते.

नागपूरकरांना नळाने मिळणारे पाणी नाग नदीच्या घाणीने बाधित होते का?

थेट होत नाही. शहराचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून, म्हणजे तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथून, तसेच कन्हान नदीवरील उद्भवातून येते, आणि नाग नदी कन्हानला मिळते ती या उद्भवाच्या बरीच खाली. नागपूर वरून स्वच्छ पाणी घेते आणि खाली मैले पाणी सोडते. या प्रश्नाबद्दल शहरात जी शांतता दिसते, तिचे एक कारण बहुधा हेच असावे.

शहरातून रोज किती सांडपाणी निघते?

याचा ढोबळ हिशोब घरीही करता येतो. मोठ्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण मानले जाते आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे गृहीत धरतात. चार माणसांच्या घरातून त्या हिशोबाने रोज ४३२ लिटर सांडपाणी निघते. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती. तेवढ्याच लोकसंख्येचे सांडपाणी सुमारे २५९ एमएलडी, म्हणजे दररोज २५ कोटी ९० लाख लिटर भरते. त्यानंतर शहर बरेच वाढले आहे आणि या आकड्यात हॉटेले, रुग्णालये, बाजार व लहान कारखाने धरलेले नाहीत.

‘पाण्याची गुणवत्ता’ म्हणजे नेमके काय मोजतात?

अनेक गोष्टी मोजतात, परंतु नदीची प्रकृती समजून घ्यायला तीन पुरेशा आहेत.

पहिली, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मासे, गोगलगायी, पाण्यातील किडे आणि घाण पचवणारे उपयुक्त जिवाणू हे सगळे त्यावर जगतात. दुसरी, जैविक प्राणवायूची मागणी, जिला सर्वत्र बीओडी म्हणतात. पाण्यात मैला, अन्नाचे कण, साबण असे जे काही कुजणारे असेल ते पचवण्यासाठी जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, याचे ते माप आहे. आपल्याकडे ही चाचणी नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवून करतात. घरगुती कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. तिसरी, कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या. त्यांतील विष्ठाजन्य जिवाणू आढळले की पाण्यात माणसांचा किंवा जनावरांचा मैला मिसळल्याचे कळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे उपयोगानुसार वर्ग ठरवले आहेत. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया आणि निर्जंतुकीकरण करून पिण्यास घ्यायच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे ५,००० च्या आत असावेत. घाटावर स्नान करायचे असेल तर निकष अधिक कडक आहेत: प्राणवायू किमान ५ आणि कोलिफॉर्म ५०० च्या आत. स्नानासाठी कडक निकष ऐकून काहींना आश्चर्य वाटते; पण घाटावर डुबकी मारणाऱ्याच्या तोंडात गेलेले पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्रातून आलेले नसते.

उन्हाळ्यात नदीची अवस्था इतकी का बिघडते?

दोन कारणे एकाच वेळी येतात. पावसाळा संपला की नाग नदीचा नैसर्गिक प्रवाह जवळजवळ आटतो आणि पात्रात जे वाहताना दिसते ते बहुतांश सांडपाणीच असते, त्यामुळे घाण पातळ करणारे पाणीच उरत नाही. त्यातच पाणी जितके तापते तितका कमी प्राणवायू त्यात मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ च्या आसपास. नेमक्या त्याच उष्णतेत जिवाणूंची भूक वाढते. प्राणवायू संपला की त्याच्याविना जगणारे जिवाणू कामाला लागतात, गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास असलेला वायू सुटतो. मे महिन्यात अशोक चौकाच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तो या वायूमुळे.

महापालिका दर उन्हाळ्यात पोकलेन लावून नद्या साफ करते. तरी पाणी तसेच का राहते?

कारण ते काम पाण्याच्या शुद्धीचे नसते. पावसाळ्यापूर्वी नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या पात्रांतून गाळ, प्लास्टिक आणि झुडपे काढली जातात, ती पुराचे पाणी अडू नये म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा पात्र मोकळे असण्याचे महत्त्व सगळ्यांनाच कळले. म्हणून हे काम व्हायलाच हवे. परंतु गाळ काढलेल्या पात्रातून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच सांडपाणी वाहणार असेल, तर नदी रुंद झाली, स्वच्छ झाली नाही. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात येतो, हेही दरवर्षी दिसते.

मग घाण नदीत येते तरी कुठून? शहरात गडरलाइन आहे ना?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

गडरलाइन आहे, पण सगळीकडे नाही आणि जिथे आहे तिथे ती सगळे पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत नेतेच असे नाही. शहराच्या जुन्या भागांतील मलवाहिन्या कमी लोकसंख्येसाठी टाकल्या गेल्या होत्या; आज त्याच रस्त्यावर दुमजली घरांच्या जागी सहा-सहा मजली इमारती उभ्या आहेत. वाहिनी तुंबते, चेंबर भरून वाहते आणि तक्रार आल्यावर सोपा उपाय म्हणून तिचे तोंड जवळच्या पावसाळी नालीत काढून दिले जाते. त्या दिवशी रस्ता कोरडा होतो, तक्रार मिटते आणि नदीला एक नवा कायमचा प्रवाह मिळतो. अशा किती जोडण्या जमिनीखाली आहेत हे वरून दिसत नाही, मात्र ऐन एप्रिलमध्ये एखादी पावसाळी नाली वाहत असेल तर तिच्यात पावसाचे पाणी नाही, एवढे निश्चित समजावे.

दुसरा भाग बाहेरच्या ले-आउटांचा. तेथे प्लॉट विकले गेले, घरे झाली, रस्ते नंतर आले आणि मलवाहिनी सर्वांत शेवटी. तोपर्यंत प्रत्येक घर सेप्टिक टँकवर चालते. सेप्टिक टँक मैला शुद्ध करतो हा फार पसरलेला गैरसमज आहे. तो केवळ जड भाग तळाशी बसवतो आणि थोडासा कुजवतो. वरचे पाणी शोषखड्ड्यात मुरणे अपेक्षित असते. नागपूरच्या पश्चिम भागात वरच्या मातीखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी घेत नाही, त्यामुळे मुरण्याऐवजी हे पाणी उघड्या नालीत सोडले जाते. टाकी वेळेवर उपसली नाही तर तळाचा मैलाही त्याच वाटेने जातो. उपसलेला टँकर कुठे रिकामा होतो, हा प्रश्न टँकर बोलावणाऱ्याने जरूर विचारावा.

तिसरा भाग शहराच्या हद्दीबाहेरचा. वाडी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूचे सांडपाणी अंबाझरीच्या पाणलोटात येते, म्हणजे नाग नदी शहरात शिरण्यापूर्वीच बाधित झालेली असते. एकेकाळी नागपूरला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावाची ही अवस्था आहे. खाली कामठी आणि कन्हान या गावांचे सांडपाणी थेट कन्हान नदीकडे उतरते. नदीला महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत यांच्या हद्दी माहीत नसतात, आणि निधी मात्र हद्दीनुसारच येतो.

शुद्धीकरण केंद्रे किती आहेत आणि त्यातून निघालेल्या पाण्याचे काय होते?

भांडेवाडी येथे २०० आणि १३० एमएलडी क्षमतेची दोन मोठी केंद्रे आहेत. शुद्ध केलेल्या पाण्याचा मोठा भाग कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांकडे जातो. वीज केंद्रांना थंडाव्यासाठी प्रचंड पाणी लागते आणि त्याला पिण्यायोग्य दर्जाची गरज नसते, त्यामुळे पेंचचे तेवढे पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी वाचते. या बाबतीत नागपूरने देशातील अनेक मोठ्या शहरांच्या आधी पाऊल टाकले, हे टीका करतानाही मान्य केले पाहिजे.

मात्र केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोहोचणारे सांडपाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहिन्यांचे जाळे अपुरे असेल तर केंद्र कितीही चांगले असले तरी त्याच्या शेजारून कच्चे सांडपाणी नदीने वाहत राहते.

नाग नदीसाठी मंजूर झालेला मोठा प्रकल्प काय आहे?

राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखालील या प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात झाली. त्याचा खर्च १,९२५ कोटी रुपयांहून अधिक असून केंद्र, राज्य आणि महापालिका असा तिघांचा वाटा आहे. एकूण ९२ एमएलडी क्षमतेची नवी शुद्धीकरण केंद्रे, सुमारे ५०० किलोमीटर मलवाहिन्या, नाले अडवून त्यांचे पाणी वाहिन्यांत वळवण्याची कामे आणि उपसा केंद्रे हे त्याचे मुख्य भाग आहेत. माझ्या मते यातील वाहिन्यांचा भाग केंद्रांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. तो जमिनीखाली असल्याने त्याचे उद्घाटन करता येत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे नागरिकांचे लक्ष असायला हवे. रस्ता खोदल्यावर वैताग येणे स्वाभाविक आहे, पण आपल्या गल्लीत वाहिनी पडली आणि आपल्या घराची जोडणी तिला झालीच नाही, तर खोदकामाचा त्रास तेवढा आपल्या वाट्याला येतो आणि नदी आहे तशीच राहते.

कारखाने, राख आणि रेती यांचा वाटा किती?

घरगुती सांडपाणी रोजचे आहे. या तिन्हींचे नुकसान कधी अचानक होते, कधी वर्षानुवर्षे हळूहळू. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडले, राखमिश्रित पाणी नाल्यावाटे कन्हानकडे गेले आणि त्याचा फटका नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही बसला. राखेचे बारीक कण मासळीच्या कल्ल्यांत अडकतात, पात्राच्या तळावर थर धरतात आणि शुद्धीकरण केंद्रातील गाळण्यांवर ताण आणतात.

रेतीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चर्चा बहुधा महसूल व चोरी यांपुरतीच राहते. कन्हानच्या पात्रातील रेतीचा थर म्हणजे नदीची स्वतःची गाळणी आहे. तिच्यातून झिरपताना पाणी निवळते आणि तिच्याच पोटात उन्हाळ्यासाठी पाणी साठून राहते. रेतीघाट खडकापर्यंत खरवडले की नदी पावसाळ्यात दणाणते आणि फेब्रुवारीत कोरडी पडते.

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीचे पाणी वेणा नदीमार्गे वर्धेच्या खोऱ्यात जाते, वैनगंगेत येत नाही. पण वर वर्णन केल्याप्रमाणे त्या दोघींची भेट प्राणहितेत होतेच.

वैनगंगेवर जलपर्णीचे हिरवे गालिचे दिसतात. ते पाणी शुद्ध करतात असे ऐकले आहे, हे खरे का?

अर्धे खरे आहे. जलपर्णी पाण्यातील नत्र आणि स्फुरद शोषून घेते. ती वेळेवर काढून पाण्याबाहेर नेली तर तेवढी पोषके नदीतून कमी होतात. न काढता तशीच राहू दिली तर ती प्रकाश अडवते, मरून तळाशी कुजते आणि शोषलेले सगळे परत देऊन वर पाण्यातील प्राणवायूही खाते. भंडाऱ्याजवळ वैनगंगेच्या संथ पाण्यात तिचे थर साचतात, ते मुळात वरून येणाऱ्या सांडपाण्यातील पोषकांवर.

शैवाल वाढलेल्या पाण्यात मासे बहुधा पहाटे मरतात. दिवसा शैवाल प्राणवायू सोडते, रात्रभर तेच तो वापरते आणि सूर्योदयापूर्वी पाण्यातील साठा सर्वांत कमी होतो. दुपारी बारा वाजता नमुना घेऊन ‘प्राणवायू उत्तम’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने जलाशयावर जाळे टाकणाऱ्या एखाद्या ढिवर बांधवाला पहाटेचे दृश्य विचारून पाहावे.

वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत आपल्याकडे वापरता येईल का?

येईल, आणि त्यातील एक पद्धत नागपूरच्याच नीरी या संस्थेने विकसित केलेली आहे. तिला फायटोरिड म्हणतात. खडीच्या थरात कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावून त्यांच्या मुळांमधून सांडपाणी नेले जाते. शुद्धीचे बरेचसे काम मुळांभोवतीचे जिवाणू करतात. विजेचा खर्च अत्यल्प असतो. जागा मात्र लागते, म्हणून निवासी संकुल, वसतिगृह किंवा छोटा नाला यांसाठी ती योग्य आहे. संपूर्ण नाग नदीचे पाणी अशा वाफ्यांतून नेता येणार नाही.

गणेश विसर्जन कृत्रिम टाक्यांत केल्याने खरोखर फरक पडतो का?

तलावांना नक्की पडतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजी विरघळत नाही, ते महिनोन्‌महिने तळाशी राहते, आणि काही रंगांत शिशासारखे जड धातू असतात. फुटाळा किंवा सोनेगाव यांसारख्या बंदिस्त पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. निर्माल्य स्वतंत्र द्यावे. ते खत होते. तरीही प्रमाणाचे भान ठेवावे: विसर्जन वर्षातून काही दिवसांचे आहे, गडर रोजचे आहे.

पाणी उकळले किंवा तुरटी फिरवली, तर नदीचे पाणी पिता येते का? टीडीएस मीटरवर आकडा चांगला येतो.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मैला मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस भारतीय मानकातील ५०० मिलिग्रॅमच्या आत सहज असू शकतो, आणि त्याच मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये. हा जिवाणू मीटरला दिसत नाही. तुरटीने गढूळपणा बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. नदीकाठच्या गावांनी नळयोजनेत क्लोरीन योग्य प्रमाणात पडतो की नाही हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सांडपाण्यातील अमोनिया हा क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळे नदी जितकी मैली तितकी औषधाची मात्रा आणि खर्च वाढत जातो.

नाग नदीच्या पाण्यावर पिकवलेली भाजी खावी का?

शहराच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांना हे पाणी बारमाही मिळते, खतासारखे पोसते, आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय अनेकदा नसतो. त्यांना दोष देणे सोपे आहे. कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी पिके या पाण्यावर घेऊ नयेत. शिजवून खायच्या भाज्यांचा धोका तुलनेने कमी आहे, आणि चारा किंवा कापूस यांचा त्याहून कमी. शेतात काम करणाऱ्यांनी बूट व हातमोजे वापरावेत, कारण पहिला संसर्ग ग्राहकाला होण्याआधी त्यांना होतो.

एखाद्या घराने किंवा सोसायटीने नेमके काय करावे?

प्रथम आपल्या संडासाचे आणि मोरीचे पाणी कुठे जाते हे शोधून काढावे. बहुतेकांना ते माहीत नसते. चेंबर उघडून रंगीत पाणी सोडले आणि जवळच्या नालीवर नजर ठेवली तर अर्ध्या तासात उत्तर मिळते. जोडणी पावसाळी नालीला असेल तर झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन ती मलवाहिनीला करून घ्यावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. स्वयंपाकघरातील वापरलेले तेल मोरीत ओतू नये. ते थंड होऊन वाहिनीच्या आतल्या बाजूला थर धरते आणि गडर तुंबण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. चेंबरमध्ये सफाई कामगाराला उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात.

कारखान्याचे रंगीत किंवा फेसाळ पाणी नदीत दिसल्यास जागा, दिनांक, वेळ आणि छायाचित्र यांसह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार करावी. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार नमुना घेऊन कारवाई करण्याचा अधिकार मंडळाला आहे. असे पाणी अनेकदा रात्री सोडले जाते, म्हणून वेळेची नोंद छायाचित्राइतकीच महत्त्वाची आहे.

नदी सुधारली हे कशावरून ओळखायचे?

काठावरील दिवे, रंगवलेल्या भिंती किंवा ऑगस्टमधील वाहते पाणी पाहून ओळखता येत नाही. पावसाळ्यात कोणत्याही नदीचा नमुना बरा येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणांचे पाण्याचे निष्कर्ष नियमित प्रसिद्ध करते. त्यांतील एप्रिल आणि मे महिन्यांचे आकडे वेगळे काढून सलग तीन-चार वर्षांचे शेजारी-शेजारी मांडावेत. आंभोऱ्याच्या संगमाच्या वर, कन्हानमध्ये, भर उन्हाळ्यातला बीओडी ३ च्या खाली आणि प्राणवायू ५ च्या वर आलेला दिसला, तर नागपूरच्या गल्ल्यांखाली टाकलेल्या वाहिन्या काम करू लागल्या आहेत असे समजावे.